'ॲडमिरल' हा शब्द आला कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौदल दिन जवळ आला किंवा कान्होजी आंग्र्यांचा विषय निघाला की पुढचे प्रश्न हमखास येतात. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. सिसिलीची हकीकत बरीच लांबली आहे, कारण खरी गंमत तिथेच आहे. ज्यांना 'मूळ भाषा कुठली' एवढंच हवंय त्यांनी पहिलं उत्तर वाचून उठलं तरी हरकत नाही.

'ॲडमिरल' मुळात कुठल्या भाषेतला?

अरबी. 'अमीर' म्हणजे हुकूम करणारा, ज्याच्या शब्दावर इतर हलतात तो. हा शब्द अकराव्या-बाराव्या शतकात सिसिली बेटावर लॅटिन दप्तरात शिरला आणि तिथून भूमध्य समुद्राच्या बंदरांमधून युरोपभर गेला. फ्रेंच 'आमिराल', इटालियन 'अम्मिराल्यो', स्पॅनिश 'अल्मिरान्ते', जर्मन आणि डच 'आड्मिराल', रशियन 'अद्मिराल', फिन्निश 'आमिराली', ही सगळी त्याचीच रूपं. एकमेकांशी शतकानुशतकं लढणाऱ्या या आरमारांचा सर्वोच्च हुद्दा मात्र एकाच शब्दाचा.

पण युरोपात आल्यावर सुरुवातीचा बराच काळ या शब्दाचा समुद्राशी काही संबंध नव्हता. पुढचे निम्मे प्रश्न त्यातूनच उभे राहतात.

म्हणजे हा आपला 'अमीर-गरीब' मधला अमीरच का?

तोच. आपल्याकडे फारसीतून आला आणि सत्तेकडून पैशाकडे सरकला. 'अमीर-उमराव' या जोडीत तर एकच शब्द दोनदा आहे: 'उमरा' हे अमीरचं अरबी अनेकवचन, त्याचं आपण 'उमराव' केलं. मोगली कारभारातला 'मीर' हेही अमीरचंच आखूड रूप. सैन्याच्या हजेरी-पगाराचं पाहणारा मीर बक्षी, तोफखान्याचा मीर आतिश. 'मिर्झा' म्हणजे अमीरजादा, अमिराचा मुलगा.

दोन शब्द मात्र यात ओढू नका. 'मिरासदार' मधली मिरास ही अरबी वारसाहक्काची, तिचा अमिराशी संबंध नाही. 'अंमलदार' मधला अंमलही वेगळ्या धातूचा, 'काम करणे' या अर्थाचा. कानाला जवळचे वाटतात इतकंच.

'अमीर-उल-बहर', म्हणजे समुद्राचा अमीर, यावरून ॲडमिरल झाला असं वाचलं होतं. ते खरं ना?

ही व्युत्पत्ती सगळ्यात जास्त सांगितली जाते आणि ऐकायला सुबकही आहे: 'अमीर-उल-बहर' मधला 'बहर' गळाला, 'अमीर-उल' उरला, त्याचा 'अमिराल' झाला. अडचण अशी की युरोपातल्या सर्वांत जुन्या नोंदींमध्ये हा शब्द ज्यांच्यासाठी वापरलाय ती माणसं दर्यावर्दी नाहीत. सन 1100 च्या आसपासच्या जुन्या फ्रेंच वीरकाव्यात, 'रोलाँच्या गाण्या'त, बालिगां नावाचा 'अमिराल' येतो. तो मुसलमानांचा मोठा राजा आहे. त्याच्याकडे आरमार आहे खरं, पण 'अमिराल' ही पदवी त्या आरमारामुळे मिळालेली नाही. त्या काळच्या फ्रेंच श्रोत्याला 'अमिराल' म्हटलं की परमुलखातला मुसलमान सरदार दिसायचा.

मग शेवटचा 'ल' कुठला? दोन शक्यता धरल्या जातात. एक, अरबीत 'अमीर-उल-अमुक', 'अमीर-उल-तमुक' अशा पदव्या इतक्या होत्या की ऐकणाऱ्याने 'अमीर-उल' एवढा भाग उचलला. खलिफाची पदवी 'अमीर-उल-मोमिनीन' होती. स्पॅनिश लोकांनी तिचं 'मिरामामोलिन' केलं आणि ते एखाद्या माणसाचं नाव असावं तसं वापरलं. दुसरी शक्यता, लॅटिनमध्ये पदनामांना जे प्रत्यय लागतात त्यांतलाच एक इथे चिकटला. दोन्ही एकदम घडलं असणंही सहज शक्य आहे. समुद्रच पहिल्यापासून शब्दात होता, हे मात्र पटत नाही.

सिसिलीत नेमकं काय घडलं?

827 साली उत्तर आफ्रिकेतून आलेल्या अरबांनी सिसिलीवर चढाई सुरू केली आणि 831 मध्ये पालेर्मो घेतलं. पुढची जवळजवळ अडीच शतकं बेटाचा कारभार अमीर पाहत. मग नॉर्मन आले. हे मूळचे उत्तरेकडचे, पण तोवर फ्रेंच बोलणारे आणि पोप-बादशहांच्या भांडणांत भाड्याने लढणारे सरदार. रॉबेर गिस्कार आणि त्याचा धाकटा भाऊ रॉजर यांनी 1072 च्या जानेवारीत पालेर्मो जिंकलं.

जिंकणाऱ्यापुढे दुसऱ्या दिवशीपासूनचा प्रश्न असतो तो वसुलीचा. शहरात अरबी बोलणारे मुसलमान, ग्रीक बोलणारे ख्रिस्ती, ज्यू, आणि वरून आलेले मूठभर नॉर्मन. जमिनीच्या याद्या अरबीत, धर्मसंस्थांची कागदपत्रं ग्रीकमध्ये. रॉबेरने जुनी घडी मोडली नाही. पालेर्मोवर आपला एक माणूस नेमला आणि त्या पदाला लोक ज्या नावाने ओळखत होते तेच नाव ठेवलं. लॅटिन लिहिणाऱ्या कारकुनाने त्याला आपल्याकडचं शेपूट जोडलं आणि झालं 'अमिरातुस'. मोगली हुद्दे आणि फारसी पदनामं मराठी दप्तरात कशी राहिली हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. राज्य बदललं तरी कचेरीतली भाषा इतक्या लवकर बदलत नाही.

हे 'अमिरातुस' करायचे काय? वसुली, न्यायनिवाडा, शहराचा बंदोबस्त. पुढे राजा रॉजर दुसरा याच्या दरबारात या पदावरची मंडळी बहुतेक ग्रीक आणि अरबी जाणणारी होती, कारण तीन भाषांचं दप्तर चालवणं नॉर्मन सरदारांच्या आवाक्यातलं नव्हतं.

जॉर्ज ऑफ अँटिऑकचं नाव नेहमी घेतात. हा कोण?

या सगळ्या गोष्टीचा नायक म्हणावा असा माणूस. ख्रिस्ती, अरबी उत्तम जाणणारा, अँटिऑककडून आलेला. आधी तो आजच्या ट्युनिशियातल्या महदियाच्या झिरी सुलतानाच्या, तमीमच्या, चाकरीत होता, तेही हिशेबाच्या कामावर. 1108 मध्ये तमीम वारला, नव्या सुलतानाशी पटेल असं जॉर्जला वाटेना, म्हणून तो सिसिलीला पळून आला. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची बंदरं, तिथले जकातीचे आकडे आणि दरबारातले हेवेदावे सगळं त्याला तोंडपाठ. रॉजरला असाच माणूस हवा होता.

1130 नंतरच्या दशकात जॉर्जला 'अम्मिरातुस अम्मिरातोरुम' म्हणजे अमिरांचा अमीर ही पदवी मिळाली. बगदादच्या दरबारातल्या 'अमीर-उल-उमरा' या पदवीचा तो सरळसरळ लॅटिन साचा. जॉर्ज राज्याचा मुख्य कारभारी झाला आणि आरमारही त्याच्याच हाताखाली होतं. 1147 मध्ये त्याच्या जहाजांनी कोर्फू घेतलं, थीब्ज आणि कोरिंथ लुटली आणि तिथले रेशीम विणणारे कारागीर उचलून पालेर्मोला आणले. 1148 मध्ये त्याने महदिया जिंकलं, जिथे तो पूर्वी चाकर होता ते शहर. 1151 मध्ये वारला.

पालेर्मोत त्याच्या दोन खुणा आहेत. एक चर्च, 'सांता मारिया देल्लाम्मिराल्यो', म्हणजे ॲडमिरलची सेंट मेरी. लोक त्याला 'मार्तोराना' म्हणतात. आत सोनेरी मोझेकमध्ये जॉर्ज मेरीच्या पायाशी लोटांगण घालून पडलेला दिसतो. दुसरी खूण म्हणजे ओरेतो नदीवरचा 'पोंते देल्लाम्मिराल्यो', कमानींचा दगडी पूल. विसाव्या शतकात नदीच दुसरीकडे वळवली, त्यामुळे पूल आता कोरड्या जागेवर उभा आहे. 2015 साली पालेर्मोच्या अरब-नॉर्मन वास्तू युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या, त्यांत चर्च आणि पूल दोन्ही आहेत.

म्हणजे जॉर्ज हा पहिला 'ॲडमिरल' म्हणायचा?

लोक म्हणतात, पण मला ते घाईचं वाटतं. जॉर्जनंतर 'अमिरांचा अमीर' ही पदवी बारीच्या मायोला मिळाली. तो दरबारी, कागदोपत्री कामातून वर चढलेला. 1160 मध्ये त्याचा पालेर्मोत खून झाला. शब्दाचा अर्थ 'आरमारप्रमुख' असा पक्का झाला असता तर मायोला ती पदवी कुणी दिली असती?

यापेक्षा बोलका पुरावा त्यानंतरचा आहे. सिसिलीचा राजा विल्यम दुसरा याच्या काळात कागदपत्रांत 'राजाच्या भाग्यवान आरमाराचा अमिरातुस' अशी लांब पदवी दिसते. 'आरमाराचा' असं वेगळं लिहावं लागलं याचा अर्थ नुसत्या 'अमिरातुस' वरून आरमार कळत नव्हतं. शतक संपता संपता ब्रिंडिसीचा मार्गारितो हा खरोखरीचा दर्यावर्दी त्या पदावर आला, आणि हळूहळू विशेषण गळून नुसता शब्द समुद्राचा झाला. इतर अमीर नाहीसे झाले होते, आरमाराचा तेवढा उरला होता.

सिसिलीतून बाहेर कसा पडला?

जिनोव्याच्या, म्हणजे इटलीतल्या एका बंदराच्या, लोकांबरोबर. ही मंडळी त्या काळी आरमारं भाड्याने पुरवत: जहाजं त्यांची, वल्हेकरी त्यांचे, करार तुमच्याशी. 1239 मध्ये सम्राट फ्रेडरिक दुसऱ्याने सिसिलीच्या आरमारावर जिनोव्याचा स्पिनोला नेमला. बेनेदेत्तो झक्कारिया हा जिनोव्याचा व्यापारी-नाविक आधी कॅस्टीलच्या (आजच्या स्पेनमधल्या राज्याच्या) राजाचा आणि मग फ्रान्सच्या राजाचा ॲडमिरल होता. 1317 मध्ये पोर्तुगालचा राजा दिनिश याने मानुएल पेसान्य याच्याशी करार केला, तोही जिनोव्याचाच. समुद्राची जाण असलेले 20 जिनोव्हीज त्याने कायम हाताशी ठेवायचे, अशी अट त्यात होती. चौदाव्या शतकात कॅस्टीलच्या आरमारावर एजिदिओ बोक्कानेग्रा, जिनोव्याच्या दोजेचा, म्हणजे तिथल्या राज्यप्रमुखाचा, भाऊ.

युद्धात एकमेकांकडून ऐकून शब्द पसरतात अशी आपली समजूत असते. इथे शब्द फिरला तो नेमणुकीच्या कागदांतून. राजा बदलला तरी कराराचा मसुदा तोच, पदनाम तेच, पगाराची आणि लुटीतल्या हिश्श्याची कलमंही तीच.

इंग्लंडला तो 1290 च्या दशकात पोचला, आणि तोही थेट नाही. फ्रान्सच्या नैर्ऋत्येची गास्कनी तेव्हा इंग्लंडच्या राजाकडे होती. 1295 मध्ये तिथल्या बायोन बंदराच्या जहाजांवर नेमलेला बारो द सेस्का हा गास्कन माणूस इंग्लंडच्या चाकरीतला पहिला ॲडमिरल मानला जातो. दोनच वर्षांत विल्यम लेबर्नला 'इंग्लंडच्या राजाच्या समुद्राचा ॲडमिरल' असं म्हटलेलं सापडतं.

रशियात तो पीटर द ग्रेटच्या काळात, अठराव्या शतकाच्या तोंडावर, डचांच्या हातून गेला. सेंट पीटर्सबर्गची गोदी 1704 मध्ये बांधायला घेतली, तिचं नावच 'अद्मिराल्तेयस्त्वो'. आजही शहराचे मोठे रस्ते तिच्या सोनेरी सुळक्याकडे रोखलेले आहेत.

मधला 'ड' कुठून आला? अरबीत तर नाही.

कारकुनांच्या पांडित्यातून. लॅटिनमध्ये 'अद्मिरारी' म्हणजे आश्चर्य करणे, कौतुक करणे. इंग्रजी 'ॲडमायर' त्यातूनच निघालं. 'अमिरातुस' लिहिताना एखाद्याला वाटलं, हा परका शब्द कसला, हा तर आपलाच 'कौतुकास पात्र'. म्हणून त्याने मध्ये 'द' घातला. काहींनी तर सरळ 'अद्मिराबिलिस' असंच लिहिलं. इंग्रजी, जर्मन, डच, रशियन यांनी हे पंडिती रूप ठेवलं. फ्रेंच आणि स्वीडिश 'द' शिवाय राहिले. स्पॅनिश-पोर्तुगीजांनी वेगळाच उद्योग केला: त्यांच्या भाषेत 'अल' ने सुरू होणारे अरबी शब्द रगड, म्हणून त्यांनी पुढे 'अल' लावला, मागे 'आन्ते' लावला.

हा शब्द न घेणारी कुणी आहे का?

ग्रीक. त्यांचा 'नाव्हार्खोस' प्राचीन काळापासून चालत आलेला, त्यांना गरजच नव्हती. वेल्श भाषेत 'ताफा' या शब्दावरून बनवलेलं घरचं नाव आहे. हंगेरियनांनी 'समुद्र' आणि 'मोठा' जोडून 'तेंगेर्नॉज' केलं.

ॲडमिरल व्हायला समुद्रावर जावं लागायचं ना?

दर वेळी नाही. फ्रान्सचा सगळ्यात प्रसिद्ध ॲडमिरल गास्पार द कोलिन्यी. 24 ऑगस्ट 1572 च्या सेंट बार्थोलोम्यूच्या कत्तलीत मारला गेला तो प्रॉटेस्टंट पुढारी. त्याच्या लढाया जमिनीवरच्या. 'फ्रान्सचा ॲडमिरल' हा मोठ्या घराण्यांना मिळणारा मान होता, आणि त्याला उत्पन्न जोडलेलं होतं: पकडलेल्या शत्रूजहाजांच्या मालातला हिस्सा, किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या जहाजांवरचे हक्क, समुद्रावरच्या तंट्यांचा न्याय करण्याचा अधिकार. कॅस्टीलमध्ये 1405 पासून हे पद एन्रीकेस घराण्यात वतनासारखं चाललं. कोलंबसने 17 एप्रिल 1492 च्या करारात 'महासागराचा ॲडमिरल' ही पदवी वंशपरंपरेने मागून घेतली ती उगाच नाही. ज्या प्रदेशाचा पत्ताच नव्हता तिथल्या मालातला दहावा हिस्सा त्याच करारात होता.

न्यायाचा तो अधिकार मुंबईत आजही रोजच्या वापरात आहे. एखाद्या जहाजाने इंधनाचे किंवा खलाशांच्या पगाराचे पैसे थकवले तर मुंबई उच्च न्यायालयात 'ॲडमिरल्टी'चा दावा लागतो. दावा मालकावर नसून प्रत्यक्ष जहाजावर चालतो, आणि जहाजाला चक्क अटक होते. वॉरंट बजावायचं काम मुंबईच्या शेरीफच्या कार्यालयाकडे. 2018 पर्यंत हे सगळं 1840, 1861, 1890 अशा व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्रजी कायद्यांवर चालायचं. 2017 चा भारतीय ॲडमिरल्टी कायदा 1 एप्रिल 2018 पासून लागू झाला तेव्हा ते जुने कायदे सुटले. फोर्टमधल्या ज्या वकिलांचा या शब्दावर चरितार्थ चालतो त्यांनी पालेर्मोला एक सहल काढायला हरकत नाही.

'रिअर ॲडमिरल' सगळ्यात खालचा का? मागे राहतो म्हणून?

होय, अक्षरशः. शिडाच्या जहाजांच्या काळात इंग्रजी ताफ्याच्या तीन तुकड्या असत. मधल्या तुकडीत खुद्द ॲडमिरल, पुढच्या तुकडीत त्याचा दुय्यम म्हणजे व्हाइस ॲडमिरल, पिछाडीला रिअर ॲडमिरल. तुकड्यांना लाल, पांढरा, निळा असे रंग होते, आणि हुद्द्यातही रंग येई. ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सन 'पांढऱ्या तुकडीचा व्हाइस ॲडमिरल' होता. रंग 1864 मध्ये गेले, पुढे-मागे तेवढं राहिलं. भारतीय नौदलाने ही उतरंड जशीच्या तशी घेतली. आपले नौदलप्रमुख आधी व्हाइस ॲडमिरल दर्जाचे असत. 1968 मध्ये आधार कुमार चॅटर्जी पूर्ण ॲडमिरल झाले आणि तिथून तो दर्जा चालू झाला.

गोव्यात साडेचारशे वर्षं पोर्तुगीज होते. मग मराठीत 'अल्मिरान्ते' का आला नाही?

कारण तो माणूस इथे नव्हता. वास्को द गामा पहिल्या सफरीवरून परतल्यावर त्याला 'हिंदुस्थानच्या समुद्राचा ॲडमिरल' ही पदवी मिळाली, तीही वंशपरंपरेची. त्यानंतर पदवी घराण्यात राहिली आणि घराणं मुख्यतः पोर्तुगालात. गोवा, चौल, वसईच्या पाण्यात जो प्रत्यक्ष ताफा घेऊन फिरायचा तो 'कापितांव-मोर', म्हणजे वरिष्ठ कप्तान. कोकणातल्या माणसाने ज्याच्याशी गाठ पडली त्याचे शब्द घेतले: 'अर्मादा' वरून आरमार, 'कार्तुशु' वरून काडतूस. लिस्बनमध्ये बसून हिस्सा खाणाऱ्याचा हुद्दा कानावर पडायचं कारण नव्हतं.

कान्होजी आंग्र्यांना 'ॲडमिरल' म्हणणं बरोबर आहे का?

इंग्रजीत लिहिताना ठीक आहे, निदान त्यांच्या काळातल्या इंग्रजांनी जे 'चाचे' म्हटलं त्याहून नक्कीच बरोबर. पण त्यांचा स्वतःचा हुद्दा 'सरखेल'. 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला आणलं तेव्हा सरखेली त्यांच्याकडेच कायम झाली. 1729 मध्ये त्यांचं निधन झालं. मुंबईच्या किल्ल्यातल्या नौदलाच्या तळाला 1951 पासून 'आयएनएस आंग्रे' असं नाव आहे.

आता 'सरखेल' उलगडून पाहा. फारसी 'सर' म्हणजे मुख्य. 'खैल' मूळ अरबी, अर्थ घोडे, घोडेस्वारांची तुकडी. समुद्रावरच्या मराठ्यांच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या पदवीत घोडे आहेत! चौदाव्या शतकातला इतिहासकार जियाउद्दीन बरनी याने दिल्लीच्या सुलतानांच्या फौजेची उतरंड सुलतान बल्बनाचा मुलगा बुग्राखान याच्या तोंडून सांगितली आहे. दहा निवडक स्वारांवर एक सरखेल. दहा सरखेलांवर एक सिपाहसालार. आणि दहा सिपाहसालारांवर एक अमीर. म्हणजे जो शब्द पालेर्मोमार्गे नेल्सनपर्यंत गेला आणि जो शब्द कुलाब्याच्या किल्ल्यात कान्होजींपर्यंत आला, ते दोन्ही एकेकाळी एकाच घोडदळाच्या शिडीवर होते. एक हजार स्वारांच्या पायरीवर, दुसरा दहांच्या. दोघांचाही समुद्राशी संबंध नव्हता. युरोपात अमीर दर्यात उतरला, कोकणात सरखेल. दहा स्वारांच्या नाईकाचा आंग्र्यांच्या घरात केवढा मोठा मान झाला, हे त्यातलं मला सगळ्यात आवडणारं.

शिवाजी महाराजांच्या आरमारावर मायनाक भंडाऱ्यांबरोबर 'दर्यासारंग' होता. त्यातला 'सारंग' हा फारसी 'सरहंग', फौजेतला अधिकारी. इराणात आज सरहंग म्हणजे कर्नल, आणि आपल्याकडे सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. इंग्रजांच्या जहाजांवर राबणाऱ्या हिंदी खलाशांना 'लास्कर' म्हणत, तो शब्द आपला लष्कर. समुद्राने आपले शब्द स्वतः कमी तयार केले, फौजेतून उसने फार घेतले.

अरब आणि तुर्क आज काय म्हणतात?

तुर्कांचा जुना आरमारप्रमुख 'कप्तान-इ-दर्या'. त्यातला कप्तान इटालियनांकडून आलेला. विसाव्या शतकात त्यांनी फ्रेंचांकडून 'आमिराल' घेतला आणि त्यावर 'ओरामिराल', 'कोरामिराल' असे हुद्दे बेतले. 'हुकूम' या अर्थाचा 'एमिर' त्यांच्याकडे आधीपासून होताच. म्हणजे एकाच घरातले दोघे तुर्कीत राहतात, एक थेट आलेला, एक पॅरिसहून परतलेला. अरबीतही परदेशी ॲडमिरलसाठी 'अमीराल' असं लिहिलं जातं.

आणि पाकिस्तानी उर्दूत नौदलप्रमुखाला 'अमीर-उल-बहर' म्हणतात. जी जुनी व्युत्पत्ती पुराव्यात टिकत नाही, ती तिथे हुद्दा म्हणून खरी झाली.

भारतीय नौदल हा शब्द बदलणार आहे का?

2 सप्टेंबर 2022 ला नौदलाचं नवं निशाण आलं, त्यावरचा अष्टकोन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला. 4 डिसेंबर 2023 ला सिंधुदुर्गावर झालेल्या नौदल दिनाच्या सोहळ्यात पंतप्रधानांनी दोन गोष्टी सांगितल्या: अधिकाऱ्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांवर महाराजांचा वारसा दिसेल, आणि हुद्द्यांची नावं भारतीय परंपरेला धरून ठेवली जातील. त्याच महिन्याच्या अखेरीस ॲडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांचे नवे पट्टे जाहीर झाले; त्यांवर अष्टकोन, तलवार आणि दुर्बीण आहे.

'ॲडमिरल' ऐवजी 'सरखेल' म्हणावं अशी सूचना मराठी मंडळी नेहमी करतात. आंग्र्यांच्या आठवणीसाठी म्हणत असतील तर माझी हरकत नाही, शब्द रुबाबदार आहे. परका शब्द नको म्हणून म्हणत असतील तर वरचं कान्होजींबद्दलचं उत्तर पुन्हा वाचावं लागेल, आणि मग 'आरमार' लाही घराबाहेर काढावं लागेल.

लाल पट्ट्यांच्या फुलपाखराला 'रेड ॲडमिरल' का म्हणतात?

पंखांवरचे लाल पट्टे गणवेशासारखे दिसतात म्हणून, असं काहींचं मत. पण अठराव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांत त्याला 'ॲडमिरेबल' असंही म्हटलेलं आढळतं. लॅटिन कारकुनांनी केलेला घोटाळा तिथे फुलपाखरावरही झाला असावा.

याच वाटेने गेलेला आणखी एखादा लष्करी शब्द?

'आर्सेनल'. अरबी 'दार-अस्-सिनाआ', कामाचं घर, कारखाना. व्हेनिसने त्याचा 'आर्सेनाले' केला आणि त्या नावाची अवाढव्य गोदी उभी केली. इटालियनमध्येच त्याच शब्दाचा 'दार्सेना' झाला, म्हणजे बंदरातला आतला धक्का, आणि तुर्कीत 'तेर्साने'. लंडनचा फुटबॉल क्लब वुलिचच्या तोफखान्यातल्या कामगारांनी 1886 मध्ये सुरू केला, म्हणून त्याच्या बिल्ल्यावर तोफ आहे.